पानाच्या कडेला काय ठेवावं?

मंडळी, आजचा विषय दिसायला लहान आहे. पान छापताना मुख्य मजकुराच्या बाजूला जी उभी पट्टी ठेवतात, तिच्यात काय घालावं, कोणत्या क्रमानं घालावं, आणि काय घालूच नये, एवढंच आज पाहायचं आहे. नांदगाव पेठेसारख्या गावात संस्थेचं माहितीपत्रक, शाळेचा वार्षिक अंक, शेतकरी गटाचं एखादं पान असं काही ना काही निघतच असतं. ते काढताना मुख्य लेखावर आपण महिनाभर डोकं चालवतो. बाजूची पट्टी मात्र शेवटच्या रात्री भरतो, तीही उरलंसुरलं टाकून. आमचं म्हणणं असं की ही जागा उरलेली नाही. तिला तिचं स्वतःचं काम आहे.

हे काम काय, ते जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. शाळेत आपण वहीला समास सोडायला शिकलो. का सोडायचा, ते कुणी सांगितलं नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यात ते सांगतात की चारी बाजूंनी जागा सोडावी आणि मधे लिहावं, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडणार नाही. म्हणजे बघा, कडेची मोकळी जागा ही शोभा नव्हती. ते मजकुराचं कुंपण होतं.

दुसरं काम शोधण्याचं. पोथीची पानं शिवलेली नसत, सुटी असत. वाऱ्यानं उडाली की क्रम गेला. म्हणून पानाच्या मागच्या बाजूला, समासात, पानाचा आकडा लिहीत आणि पुष्कळदा ग्रंथाचं नावही थोडक्यात घालत.

तिसरं काम दुरुस्तीचं. लिहिताना शब्द सुटला तर ओळीत काकपदाची खूण करायची आणि सुटलेला शब्द समासात लिहायचा. चुकीच्या अक्षरावर पिवळा हरताळ फासायचा. आपल्या बोलण्यातलं ‘हरताळ फासणं’ तिथूनच आलं.

पुढे छपाई आली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. त्याच्या पानावर दोन रकाने शेजारी शेजारी असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. दोन वेगळे वाचक एकाच पानावर, कुणी कुणाला अडवत नाही. कडेच्या जागेचा विचार करताना आम्हाला हे उदाहरण फार उपयोगी वाटतं. कारण आपल्या पानालाही दोन वाचक असतात. एक बसून सगळं वाचणारा. दुसरा बसस्टँडवर, उभ्या उभ्या, गाडी यायच्या आत वाचणारा. मुख्य मजकूर पहिल्यासाठी असतो. बाजूची पट्टी दुसऱ्यासाठी.

आता एक प्रत्यक्ष पान घेऊ. समजा आपल्याला पीकविम्यावर माहितीपत्रक काढायचं आहे. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ साली सुरू झाली. गारपिटीसारखं स्थानिक नुकसान झालं तर ते कळवायला सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत ४८ तासांची मुदत होती. २०१८ च्या सुधारणेत ती ७२ तास झाली. आता विचार करा. गारपिटीत ज्याचा संत्र्याचा बार गळला, तो माणूस तीन पानी लेख वाचत बसेल का? त्याला एकच गोष्ट हवी असते: किती वेळ आहे आणि कुणाला कळवायचं? ती ओळ सातव्या परिच्छेदात दडली आणि पट्टीत मात्र सुविचार, अभिनंदनाचा फोटो आणि जाहिरात असली, तर त्या पानानं त्याचं नुकसानच केलं.

म्हणून पट्टीचा क्रम असा ठेवावा. सगळ्यात वर मुदत. त्याखाली कुठं जायचं, कुणाला भेटायचं. मग सोबत न्यायची कागदपत्रं. मग याच विषयावर आधी काय छापलं होतं आणि ते कुठल्या अंकात मिळेल. आणि तळाशी, ही माहिती कोणत्या तारखेला तपासली ते. ही तारीख बारीक गोष्ट समजू नका. ४८ चे ७२ होतात, नियम पुढेही बदलतात, आणि जुनं पत्रक घराच्या भिंतीवर वर्षभर चिकटून राहतं. छापण्याआधी आज कोणता नियम लागू आहे तो तपासायचाच.

चार-पाच गोष्टींच्या वर जाऊ नये. सहावी घालावीशी वाटली तर आधीच्या पाचांतली एक काढावी. आणि जागा उरली तर उरू द्यावी, भरण्यासाठी भरू नये.

आता मापाचं. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही कडांना दीड-दीड सोडले की १८ उरतात. त्यातले १२ मुख्य मजकुराला, पाऊणच्या आसपास मधली मोकळी जागा, आणि पाचेक सेंटिमीटर पट्टीला. एवढ्या अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करायच्या भानगडीत पडू नये. ‘शेतकऱ्यांसाठीच्या’ असा लांब शब्द आला की तो पुढच्या ओळीत जातो आणि मागे मोठमोठी भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी सोडून द्या. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून ओळींत अंतर जरा जास्तच हवं. पट्टीला गडद रंग देऊ नका. झेरॉक्स काढली की रंगाचं काळं होतं आणि अक्षर बुडतं.

शेवटचा मुद्दा फोनचा. आज पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि पुष्कळदा अर्ध्या पानाचाच फिरतो. फोनसाठी मांडणी केली तर उभ्या पडद्यावर बाजू उरतच नाही, पट्टी सरकून मजकुराच्या खाली जाते. म्हणजे आपण जे सगळ्यात वर ठेवलं, ते वाचणाऱ्याला सगळ्यात शेवटी भेटतं. यावर उपाय एकच. जी गोष्ट चुकली तर माणसाचं नुकसान होईल, ती फक्त पट्टीत ठेवायची नाही. मुख्य मजकुराच्या पहिल्या दोन ओळींतही ती आलीच पाहिजे. दोनदा छापली म्हणून काही बिघडत नाही.

पान तयार झालं की एक परीक्षा घ्या. मुख्य मजकूर हातानं झाका आणि फक्त पट्टी वाचा. काय करायचं ते कळतं का? मग पट्टी झाका आणि मजकूर वाचा. काही अडतं का? हे स्वतः करू नका, कारण आपल्याला सगळं आधीच माहीत असतं. ज्यानं ते पान अजून पाहिलं नाही, अशा घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी द्या. तो जिथं थांबेल, तिथं दुरुस्ती करा, आणि मगच छापायला पाठवा.