चुंबकाची दंतकथा आणि एक्झेटरचा खलाशी

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शवपेटी लोहचुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगते, असे युरोपात कित्येक शतके सांगितले जाई. मदिना न पाहिलेल्यांनी ते लिहिले आणि त्यांचे वाचून पुढच्यांनीही तेच लिहिले.

ही कथा खोटी आहे, असे छापून सांगणाऱ्यांत इंग्लंडमधील एक्झेटरचा जोसेफ पिट्स होता. कोवळ्या वयात समुद्रावर निघालेला हा पोरगा १६७८ मध्ये अल्जिअर्सच्या चाच्यांच्या हाती सापडला आणि गुलाम म्हणून विकला गेला. एका धन्याने तळपायांवर फटके मारून त्याला मुसलमान केले. धर्माच्या बाबतीत सक्तीला कुरआनात थारा नाही, पण त्या धन्याने ती मर्यादा पाळली नाही. पुढच्या धन्याने त्याला हजला नेले आणि गुलामीतून मुक्त केले. कालांतराने तो मायदेशी पळाला आणि पुन्हा ख्रिस्ती म्हणून राहिला.

१७०४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. इस्लामविषयी त्याचे मत प्रतिकूलच होते आणि अंगावरचे घावही खरे होते. तरीही काबागृह दिसताच यात्रेकरूंच्या डोळ्यांतून वाहिलेले अश्रू त्याने नोंदवले. ते पाहून आपल्यालाही रडू आवरणे कठीण झाले, हेही लपवले नाही. मदिनेत इतर हाजींप्रमाणे त्यानेही खिडकीच्या पितळी जाळीतून आत डोकावले होते. म्हणूनच चुंबकाची गोष्ट त्याने ठामपणे नाकारली.

रमजानमध्ये शेजारच्या मोहल्ल्याविषयीही बरेच काही ऐकीव फिरत असते. ते पडताळायला पिट्सएवढे सोसावे लागत नाही. इफ्तारची वेळ विचारून उंबरा ओलांडला तरी पुरे.