मॉरिशसला बिऱ्हाड हलवताना

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक मधुचंद्राच्या जाहिरातीतलं, निळ्याशार पाण्याचं. दुसरं ‘छोट्या भारता’चं: गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी, गंगातलावाकाठचा १०८ फुटी शंकर, मोकाचा शिवाजी महाराजांचा पुतळा. दोन्ही चित्रं खरी आहेत आणि बिऱ्हाड थाटायला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. नोकरीधंद्यासाठी तिथे जाणारा मराठी माणूस परकेपणाला तयार असतो, पण ओळखीच्या खुणांपाशी गाफील राहतो. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘सगळे आपलेच लोक, हिंदी-मराठीवर भागेल’

लोक मूळचे इकडचे, हे खरं. २ नोव्हेंबर १८३४ला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे पोचली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले बरेच होते. त्यांचे वंशज आज गणपती बसवतात, जाखडी नाचतात, त्यांची मुलं शाळेत मराठी विषय घेतात. पण घरात, बसमध्ये, भांडणात आणि प्रेमात भाषा असते क्रिओल. वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, संसदेचं कामकाज आणि सरकारी कागद इंग्रजी. ऑफिसातली बैठक इंग्रजीत सुरू होते, चहाच्या वेळेपर्यंत फ्रेंचवर येते आणि विनोद सगळे क्रिओलमध्ये होतात. ज्याला फक्त इंग्रजी येतं, त्याचं काम चालतं. मैत्री होत नाही.

मंडईत गेलात तर भाज्या सगळ्या ओळखीच्या, हाका मात्र वेगळ्या. भेंडीला लालो, कारल्याला मार्गोज, दोडक्याला पिपांगाय, कोथिंबिरीला कोतोमिली, कढीपत्त्याला कारिपुले. आठवडाभरात पाठ होतात. ‘आपण सगळे भारतीयच’ हे पालुपद सोडायला मात्र जास्त वेळ लागतो, आणि ते लवकर सोडलेलं बरं. तिथे हिंदू, तमिळ, तेलुगू आणि मराठी या वेगवेगळ्या ओळखी आहेत आणि त्या जपल्या जातात. १९९८मध्ये मध्यवर्ती बँकेनं नव्या नोटा काढल्या, त्यांवर रूढ क्रम बदलून तमिळच्या आधी हिंदी छापली. तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या. आजच्या नोटेवर आधी इंग्रजी, मग तमिळ, मग हिंदी आहे. शेजाऱ्याला ‘तुम्ही मूळचे आमच्याकडचे’ असं सांगण्याआधी एवढं लक्षात असू द्या. तो मॉरिशसचा आहे. त्याचा देश १२ मार्च १९६८ला स्वतंत्र झाला आणि १९९२मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक.

‘व्हिसा लागत नाही, जाऊन बघू’

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण तो शिक्का पाहुण्याचा. त्यावर नोकरी करणं बेकायदा आहे, मग मालक कितीही ‘नंतर करून घेऊ’ म्हणो. व्यावसायिक, गुंतवणूकदार किंवा स्वतःचा धंदा करणारा यांच्यासाठी ‘ऑक्युपेशन परमिट’ असतं. काम आणि वास्तव्य या दोन्हींचा तो एकच परवाना. अर्ज इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे करायचा. वैद्यकीय तपासणी होते, पगाराची आणि गुंतवणुकीची किमान मर्यादा असते. ही मर्यादा वरचेवर बदलते. तिथलं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं आणि अर्थसंकल्प साधारण जूनमध्ये येतो, तेव्हा मित्रानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. २०२०पासून ‘प्रीमियम व्हिसा’ही मिळतो. पुण्यातल्या कंपनीचं काम समुद्राकाठी बसून करणाऱ्यासाठी तो ठीक. स्थानिक नोकरी त्यावर चालत नाही.

‘एक्स्पॅट’ या शब्दाबरोबर जी पोहण्याच्या तलावाची चित्रं येतात, त्यांत न मावणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत. कापड गिरण्यांत, बांधकामावर, बेकऱ्यांत भारत, बांगलादेश आणि नेपाळमधून आलेले कामगार आहेत. त्यांचा परवाना मालकामार्फत निघतो आणि त्याच नोकरीला बांधलेला असतो. पटलं नाही म्हणून शेजारच्या कारखान्यात जाता येत नाही. राहणं बहुधा कंपनीच्या वसतिगृहात, एका खोलीत अनेक खाटा. करारात लिहिलेला पगार हातात पडतो की खाण्या-राहण्याचे पैसे कापून उरलेला, हा प्रश्न विमानात बसण्याआधी विचारायचा असतो. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न काढणारेच पुढे लाखांत बुडतात.

आणि ‘एक छोटं घर घेऊन टाकू’? परदेशी माणसाच्या मालमत्ता खरेदीवर १९७५च्या कायद्यानं बंधनं आहेत. सरकारनं ठरवलेल्या योजनांतूनच घर घेता येतं. त्यांतल्या गृहप्रकल्पात किमान ३ लाख ७५ हजार डॉलर गुंतवले, तर घरासोबत राहण्याचा परवाना मिळतो. बाकीच्यांनी भाड्याचंच घर पाहावं.

‘हवा वर्षभर छान’

बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, पण हवा एक नाही. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मधल्या पठारावर ४,००० पर्यंत. पठारावरच्या क्यूरपिपला भाडं कमी म्हणून घर घेणाऱ्याच्या कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि जुलैत स्वेटर शोधावा लागतो, कारण ऋतू आपल्या उलटे. आंबा आणि लिची खायची ती डिसेंबरात. पाऊस एवढा असूनही कोरड्या महिन्यांच्या शेवटी, नोव्हेंबर-डिसेंबरात, नळाचं पाणी ठरावीक तासच येतं. घर पाहायला गेलात की समुद्र दिसतो का, हे नंतर विचारा. आधी छपरावर टाकी आहे का आणि पंप चालतो का, ते पाहा.

खरा विषय चक्रीवादळाचा. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. इशारे चार श्रेणींचे. बेटावर ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याच्या साधारण ३६ ते ४८ तास आधी पहिली श्रेणी. पुढे उजेडाचे बारा तास हातात राहतील अशा बेतानं दुसरी, सहा तास राहतील अशी तिसरी. तसे झोत प्रत्यक्ष सुरू झाले की चौथी. तिसरी लागली की दुकानं, ऑफिसं, बस सगळं बंद. त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतच पाणी भरून, मोबाइल चार्ज करून, गच्चीवरच्या कुंड्या आत आणून घरात बसायचं. मध्येच वारा एकदम पडला तर वादळ संपलं असं समजून बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि मागोमाग उलट्या दिशेचा वारा येतो. घरं बहुतेक सपाट छपराची, काँक्रीटची आहेत. १९६०च्या कॅरोल वादळानं पत्र्या-लाकडाची घरं उडवून नेल्यावर हे बांधकाम सर्वत्र पसरलं.

पण श्रेणी वाऱ्याची असते, पाण्याची नव्हे. १५ जानेवारी २०२४ला बेलाल वादळाच्या वेळी लोक कामावर असताना पोर्ट लुईत पाणी घुसलं, रस्त्यांवर गाड्या तरंगल्या आणि हवामान खात्याच्या संचालकांना पद सोडावं लागलं. ३० मार्च २०१३ला तर वादळ नसताना नुसत्या पावसानं त्याच शहरात ११ जणांचा बळी घेतला. आकाश काळं झालं तर श्रेणीची वाट न पाहता भुयारी वाटा आणि तळमजल्यावरचं पार्किंग टाळा.

उरलेलं, थोडक्यात

तिथल्या रुपयाला आपले दीडाहून अधिक मोजावे लागतात. तांदूळ आणि गव्हापासून बहुतेक अन्न बाहेरून येतं, त्यामुळे ‘गरीब बेट, स्वस्त जगणं’ हे गणित पहिल्याच किराण्यात चुकतं. स्वस्त आणि उत्तम आहे ती रस्त्यावरची ढोल पुरी. पुरणपोळीसारखी, पण तिखट आमटी-चटणीबरोबर खायची. क्यूरपिप आणि रोझ हिलची दुकानं गुरुवारी दुपारी बंद होतात आणि खेड्यांकडे जाणाऱ्या बस संध्याकाळी साडेसहानंतर मिळत नाहीत. लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली मेट्रो पोर्ट लुई ते क्यूरपिप धावते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला गाडीवाचून गत्यंतर नाही. आपला तीन गोल पिनांचा प्लग भिंतीत बसत नाही, ब्रिटिश चौकोनी किंवा फ्रेंच दोन पिनांचा लागतो. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून जूनमध्ये मूल नेलं तर वर्गाचा घोळ होतो. भारतातून आलेल्याच्या दारात आरोग्य खात्याचा माणूस मलेरियासाठी रक्ताचा नमुना मागायला आला तर घाबरू नका. तो सगळ्यांकडे जातो. हापूसची पेटी, तुळशीचं रोप, भाजीचं बी हे परवान्याशिवाय नेलं तर विमानतळावरच जप्त होतं. रोजची औषधं, विशेषतः झोपेची आणि वेदनाशामक, डॉक्टरच्या चिठ्ठीसकटच न्या. अमली पदार्थांबाबत तिथला कायदा कडक आहे.

तेव्हा एवढंच करा: करार वाचा, परवान्याचा नियम आजच्या तारखेला तपासा, आणि तो परवाना प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.