नवी कार्यप्रणाली आणि जुना ड्रायव्हर

विंडोज १० या कार्यप्रणालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि तेव्हापासून घरोघरी, दुकानांतून व लहानमोठ्या कचेऱ्यांतून विंडोजच्या अकराव्या आवृत्तीकडे, किंवा ज्यांच्या यंत्रांना ती मानवत नाही त्यांच्या बाबतीत लिनक्सकडे, जे स्थलांतर चालू आहे त्यात एक तक्रार वारंवार कानी येते : कालपर्यंत स्वच्छ दिसणारा पडदा आज बिघडला. अक्षरे जाड आणि धूसर दिसतात, वर्तुळे लंबगोल होतात, पान वर सरकवावे तर ते अडखळत सरकते, शेजारी जोडलेल्या दुसऱ्या पडद्याची यंत्राला ओळखच पटत नाही, आणि क्वचित तर कंपनीचे चिन्ह उमटून गेल्यावर काळोखाखेरीज काहीच उरत नाही. अशा प्रसंगी 'ग्राफिक्स कार्ड गेले' असा निवाडा घाईने दिला जातो आणि चालते यंत्र भंगारात निघते, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते. कारण अपग्रेडच्या दुसऱ्याच दिवशी उद्भवलेल्या अशा पुष्कळ तक्रारींत कार्ड पूर्णपणे शाबूत असते, आणि बिनसलेले असते ते त्याच्या ड्रायव्हरचे.

आपल्या नित्याच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि त्यांतील प्रत्येकाचा रंग सेकंदाला बहुधा साठ वेळा नव्याने उमटवावा लागतो. हे काम ज्या चिपकडे सोपवलेले असते तिची अंतर्रचना प्रत्येक कंपनीची, किंबहुना प्रत्येक पिढीची, वेगळी असल्यामुळे, कार्यप्रणालीने दिलेला सर्वसामान्य हुकूम त्या विशिष्ट चिपला उमजेल अशा आज्ञांत उतरवून देणारा जो प्रोग्राम लागतो, तोच ग्राफिक्स ड्रायव्हर होय. त्याचा एक भाग कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तेथे, वावरतो. आणि तेथे वावरायचे तर कर्नेलचे नियम अक्षरशः पाळावे लागतात. अंमल बदलला, दप्तराची रीत बदलली, तरी जुना कारकून जुन्याच वहिवाटीने नोंदी करीत राहिला म्हणजे जो घोटाळा होतो, तोच कर्नेल बदलूनही ड्रायव्हर जुनाच राहिला म्हणजे होतो.

याचा मोठा दाखला जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने घालून दिला. त्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने चित्रव्यवस्थेची घडी मुळापासून बदलली, ड्रायव्हरचा मोठा हिस्सा गाभ्यातून बाहेर काढला आणि चिप दोन सेकंदांत जाब देईनाशी झाली तर संपूर्ण यंत्र कोसळू न देता केवळ चिप पुन्हा सुरू करावी अशी तजवीज केली. ही सुधारणा निःसंशय दूरदृष्टीची होती आणि तिची फळे आपण आजही चाखतो. परंतु कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना आपले ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले, आणि ते परिपक्व होईपर्यंत असंख्य ग्राहकांना मनस्ताप सोसावा लागला. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या स्थित्यंतरात हा प्रकार कमीअधिक प्रमाणात घडत आला आहे. विंडोज ११ च्या अटींतही डायरेक्टएक्स १२ शी जुळणारी चिप आणि नव्या नमुन्याचा ड्रायव्हर यांची मागणी स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

आता प्रत्यक्ष इलाजाकडे वळू. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' या सदराखाली काय लिहिले आहे ते प्रथम पाहावे. तेथे कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे आढळले, तर रोगाचे निदान तेथेच झाले असे समजावे : कार्यप्रणालीला योग्य ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून तिने कामचलाऊ ड्रायव्हर लावला आहे, आणि तो कार्डाच्या सामर्थ्याला हातच लावत नसल्यामुळे चित्रकामाचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पान सरकवताना जाणवणारे अडखळणे त्याचेच. कार्ड कोणते हे ठाऊक नसेल, तर त्याच नोंदीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स'खाली 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. तेथे उत्पादकाचा चार अक्षरांचा क्रमांक मिळतो. १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी (हा क्रमांक मूळचा एटीआयचा, जी कंपनी एएमडीने २००६ मध्ये विकत घेतली), आणि ८०८६ असेल तर इंटेल, जिने १९७८ सालच्या आपल्या विख्यात प्रोसेसरचाच आकडा ओळखीसाठी पत्करला आहे.

कार्ड निश्चित झाल्यावर त्याचा ड्रायव्हर उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर क्षणात अद्ययावत करू' अशी ग्वाही देणाऱ्या त्रयस्थ प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये. गाभ्यात प्रवेश देण्याइतका विश्वास अनोळखी माणसावर टाकणे कोणत्याही अर्थाने शहाणपणाचे नाही. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत असते. पुष्कळ लॅपटॉपांत प्रोसेसरमधील काटकसरी चिप आणि स्वतंत्र बलवान चिप अशा दोन चिपा एकत्र नांदतात, कामाच्या मगदुराप्रमाणे आळीपाळीने राबतात, आणि त्यांच्या परस्परसहकार्यासाठी लॅपटॉपच्या कंपनीने ड्रायव्हरात काही खास फेरफार केलेले असतात. म्हणून तेथे आधी लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर बसवून पाहावा, आणि तो उपलब्ध नसेल तरच चिपच्या कंपनीकडे जावे.

पडदा अधूनमधून गोठत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. ड्रायव्हर तेवढा पुन्हा सुरू होतो आणि उघडलेले काम वाचते. नवा ड्रायव्हर आल्यापासूनच बिघाड सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' हा मार्ग आहे. पडदा संपूर्ण काळाच राहात असेल, तर यंत्र सुरू होत असतानाच पॉवरचे बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करावे, म्हणजे दुरुस्तीचा पर्याय आपोआप पुढे येतो. त्यातून 'स्टार्टअप सेटिंग्ज'पर्यंत जाऊन चार आकडा दाबला की सेफ मोड उघडतो, आणि तेथून सदोष ड्रायव्हर काढून टाकता येतो. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर या वाटेवर त्याची किल्ली मागितली जाते, तेव्हा ती आधी कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

लिनक्समध्ये हाच प्रश्न निराळे रूप घेतो. इंटेलचे आणि एएमडीच्या अलीकडच्या पिढ्यांचे ड्रायव्हर कर्नेलच्या उघड्या संहितेतच सामावलेले असल्यामुळे कर्नेल बदलला की त्याबरोबर तेही बदलतात, आणि वापरणाऱ्याला बहुधा काहीच करावे लागत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र कर्नेलच्या बाहेरचा. प्रत्येक नव्या कर्नेलसाठी त्याचा गाभ्यातील भाग नव्याने जुळवून घ्यावा लागतो. उबुंटूसारख्या वितरणांत हे काम आपोआप होते, पण यंत्रावर 'सिक्युअर बूट', म्हणजे मान्यताप्राप्त सही नसलेला ड्रायव्हर गाभ्यात येऊ न देणारी व्यवस्था, चालू असेल तर तेथे एक ठेच लागते. ड्रायव्हर बसवताना एक परवलीचा शब्द मागितला जातो, आणि पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा दहा सेकंद थांबून कोणतेही बटण दाबण्यास सांगतो. तेव्हा बटण दाबून तोच शब्द देऊन नव्या सहीला मान्यता द्यावयाची असते. अनेकजण तो पडदा निरर्थक समजून जाऊ देतात, आणि मग ड्रायव्हर बसूनही लागत का नाही याचा शोध घेत बसतात. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या ग्रब या यादीत ई दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा. यंत्र साध्या चित्रव्यवस्थेवर उभे राहते आणि दुरुस्तीला अवसर मिळतो.

एनव्हिडियाच्या या अलिप्ततेवर लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात जाहीरपणे अतिशय तिखट टीका केली होती. मे २०२२ मध्ये त्या कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला, तो २०१८ सालच्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांपुरता. त्यापूर्वीच्या कार्डांचे भवितव्य बंद ड्रायव्हरवरच टांगलेले राहिले. कंपनीने एखाद्या पिढीचा ड्रायव्हर लिहिणे थांबवले की कार्ड धडधाकट असूनही नव्या कार्यप्रणालीत त्याला आसरा राहात नाही. नुव्हो हा स्वयंसेवकांनी चिपचे वर्तन पारखून लिहिलेला खुला ड्रायव्हर अशा कार्डांना आधार देतो खरा. परंतु २०१४ नंतरच्या काही पिढ्यांत चिपचा वेग वाढवण्यासाठी कंपनीच्या सहीचे फर्मवेअर लागते, म्हणून तेथे तो कार्डाला मंद गतीनेच चालवू शकतो. माझे स्पष्ट मत असे की, ज्या दिवशी एखाद्या वस्तूचा ड्रायव्हर लिहिणे कंपनी थांबवते, त्या दिवशी त्या वस्तूची अंतर्गत माहिती खुली करणे हे तिच्यावर कायद्यानेच बंधनकारक असावे. पैसे मोजून घेतलेली वस्तू किती वर्षे वापरायची हे ठरवण्याचा हक्क विकणाऱ्याकडे राहू नये.

तोवर आपल्या हाती आहे ती पूर्वतयारी. अपग्रेडपूर्वी कार्डाचे नाव आणि चालू ड्रायव्हरची आवृत्ती टिपून ठेवावी, त्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, आणि लिनक्सकडे जायचे असेल तर ते बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरूनच चालवून पडदा नीट दिसतो की नाही हे पाहावे. विंडोजमध्ये अपग्रेडनंतर जुन्या आवृत्तीकडे परतण्याची मुभा सामान्यतः दहा दिवसच असते. तेव्हा दुसरा पडदा, प्रोजेक्टर, व्हिडिओ कॉल, जे जे आपल्या नित्याच्या कामाचे असेल ते ते त्या दहा दिवसांतच चालवून पाहावे, आणि डिस्कवर जागा व्हावी म्हणून जुन्या प्रणालीचे फोल्डर तोपर्यंत पुसून टाकू नये.