ग्रामीण शिक्षिकेचे जीवनकार्य : अनुताई वाघ

प्रास्ताविक



खेड्यातील शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते : एक खोली, एक फळा, खुर्चीत बसलेले गुरुजी आणि समोर मांडी घालून बसलेली मुले. या चित्रात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मुले शाळेत आलेली आहेत. ती आलीच नाहीत तर शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न या चित्राच्या बाहेर राहतो. अनुताई वाघ यांचे शिक्षिका म्हणून घालवलेले आयुष्य मुख्यतः याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले. ते उत्तर कसे घडत गेले आणि मराठी भाषेत त्याच्या खुणा कशा उमटल्या, हे आपण या घटकात पाहणार आहोत.

जडणघडण

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांचा विवाह वयाच्या तेराव्या वर्षी झाला आणि अवघ्या काही महिन्यांत त्यांना वैधव्य आले. बालविधवेच्या वाट्याला तेव्हा जे जिणे येई, त्याची कल्पना तुम्हाला मराठी साहित्याच्या वाचनातून आहेच. अनुताईंपुढे मात्र शिक्षणाची वाट मोकळी राहिली. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेतले, काही वर्षे नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शिकवले आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिक्षिका झाल्या. ही नोकरी सांभाळून, रात्रशाळेत शिकून, १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पदवी त्यांनी पन्नाशी ओलांडल्यानंतर मिळवली. दिवसा शिकवणे आणि रात्री शिकणे या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच वेळी अनुभवल्या होत्या, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवा.

बोर्डी : प्रश्नाची दिशा बदलते

१९४५ मध्ये अनुताईंची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केले होते. माँटेसोरी पद्धत शहरातील सुस्थित घरांपुरती न राहता खेड्यातील गरीब मुलांपर्यंत पोहोचावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून अनुताई तेथे आल्या.

हा परिसर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आज तो पालघर जिल्ह्यात आहे. आसपासच्या पाड्यांवर वारली आदिवासींची वस्ती होती. जमीनदारांची वेठबिगारी त्यांच्या पाचवीला पुजलेली होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षे सावकाराच्या शेतात राबणाऱ्या माणसाला तेथे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्येच गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध लढा उभारला. या पार्श्वभूमीवर त्या घरातील मूल शाळेत का येत नसे, हे समजते. मोठे मूल गुरे राखी, त्याहून लहान मूल घरच्या तान्ह्याला सांभाळी आणि आईवडील दिवसभर कामावर असत.

मुले शाळेत येत नाहीत, याचा दोष पालकांच्या अज्ञानाला देणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई यांनी प्रश्नच उलटा केला : मूल शाळेकडे येऊ शकत नसेल, तर शाळा मुलाकडे का जाऊ नये? मग वस्तीतील एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून तेथेच मुलांना जमवणे, त्यांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, गाणी-गोष्टी सांगणे असे काम सुरू झाले. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. मोजणी, वर्गीकरण, रंग आणि आकार यांची ओळख मुलांना याच वस्तूंतून होऊ लागली.

शब्दांतून दिसणारा विचार

भाषेचे अभ्यासक म्हणून या कार्यातून रुळलेल्या शब्दांकडे आपण थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘बालवाडी’ या सामासिक शब्दाचा विग्रह बालांसाठी वाडी असा होतो. ‘वाडी’ म्हणजे बागायत. डहाणू-बोर्डीच्या परिसरात हा शब्द आजही चिकूच्या बागेसाठी सर्रास वापरला जातो. मूल हे रोप आणि शिक्षक हा त्याचा माळी, ही कल्पना या शब्दात आहे. आता पुढील शब्द पाहा. अंगणातील वाडी ती ‘अंगणवाडी’. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराऊ रानातच भरणारी, म्हणजे कुरणातील शाळा, ती ‘कुरणशाळा’. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा ती ‘रात्रशाळा’.

‘बालवाडी’ या शब्दाचे पूर्वपद कोणासाठी ते सांगते. इतर तीन शब्दांची पूर्वपदे स्थळ किंवा वेळ सांगतात. हे स्थळ आणि ही वेळ शाळेच्या सोयीची नसून शिकणाऱ्याच्या जगण्याची आहे. मुलाचे आयुष्य जेथे आणि जेव्हा चालते, तेथे आणि तेव्हा शाळा भरते, हा संपूर्ण शैक्षणिक विचार समासाच्या पूर्वपदात सामावला आहे.

कोसबाड : विकासवाडी

१९५६-५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीजवळच्या कोसबाड येथील टेकडीवर गेले. तेथील ‘विकासवाडी’मध्ये पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र गुंफण होती. यामागील तर्क साधा होता. तान्ह्या भावंडाची सोय झाल्याशिवाय मोठी बहीण पाटी हातात घेऊ शकत नाही. म्हणून पाळणाघर हाच तिच्या शाळेचा पहिला वर्ग ठरतो.

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी ही जबाबदारी पुढे नेली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन तुम्ही अवश्य वाचावे.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

या कार्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. कुरणात शाळा भरवणे म्हणजे मुलाने गुरे राखावीत हे मान्य करणे नव्हे काय? शाळेने मुलाच्या परिस्थितीशी जुळवून घेतले, तर ती परिस्थिती बदलणार कशी? हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. गुराख्याची सुटका केवळ शाळेने होत नाही. त्यासाठी मजुरी, जमीन आणि कर्ज यांचे प्रश्न सुटावे लागतात. परंतु ते सुटेपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. कुरणशाळेचे समर्थन या निकडीत आहे. तिला अंतिम ध्येय मानले तर ती अन्यायाला हातभार लावील. पहिले पाऊल मानले तरच ती सार्थ ठरते.

आता पुन्हा ‘अंगणवाडी’ या शब्दाकडे वळू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पसरला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण असा मोठा आशय त्याला लाभला. त्याच वेळी त्याचा मूळ अर्थ पुसट झाला. आज ‘अंगणवाडी’ म्हटले की आपल्याला मुलाने जावयाची एक खोली आठवते. त्याच्या दारात आलेली शाळा आठवत नाही. भाषाविज्ञानात याला आपण अर्थांतर म्हणतो. मात्र शब्दातील ‘अंगण’ विसरले गेले की त्यामागील प्रश्नही विसरला जातो.

समारोप

अनुताईंच्या सेवाकाळाचे मोजमाप पदोन्नतीच्या पायऱ्यांनी करता येणार नाही. पुण्याहून बोर्डी, बोर्डीहून कोसबाड आणि तेथून पाड्यावरील अंगण, असा हा प्रवास रूढ अर्थाने मागे जाणारा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर त्या मुलाच्या अधिक जवळ गेल्या. स्वतः रात्रशाळेत शिकलेल्या शिक्षिकेला हे सुचावे, यात नवल नाही. दिवसाचे काम आटोपून ही पुस्तिका उघडणाऱ्या तुम्हालाही त्या नात्याची ओळख पटावी. शिकणाऱ्याच्या वेळी, शिकणाऱ्याच्या घरी पोहोचणारे शिक्षण हीच मुक्त विद्यापीठाचीही कल्पना आहे.

स्वाध्याय

१. ‘अंगणवाडी’, ‘कुरणशाळा’ आणि ‘रात्रशाळा’ या शब्दांची पूर्वपदे कोणता शैक्षणिक विचार व्यक्त करतात, ते स्पष्ट करा.

२. कुरणशाळेवरील आक्षेपाविषयी तुमचे मत दहा ओळींत सकारण मांडा.

३. तुमच्या गावातील अथवा वस्तीतील शाळेत न जाणाऱ्या एका मुलाचा दिनक्रम नोंदवा (नाव लिहू नका). त्या दिनक्रमात शिक्षणाला कोठे जागा करता येईल, याचा विचार करून टिपण लिहा.