विश्लेषण : संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम कसे आवरायचे?

बटण दाबल्यावर संगणकाचा पडदा दिसतो, पण प्रत्यक्ष काम सुरू करायला बराच वेळ जातो, ही तक्रार घरोघरी आणि कार्यालयांत ऐकू येते. त्यावर ‘फॉरमॅट मारून घ्या’ किंवा ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. मात्र खर्चात पडण्याआधी एक यादी तपासायला हवी. ही यादी असते संगणक सुरू होताच कोणालाही न विचारता उघडणाऱ्या प्रोग्रॅमची.

आपोआप उघडणारे प्रोग्रॅम म्हणजे काय?

वापरकर्त्याने लॉग-इन केले, की विंडोज आपल्याकडील नोंदी वाचते आणि त्यात नावे असलेले प्रोग्रॅम एकेक करून चालू करते. ही सोय जुनीच आहे. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ मध्येही ‘स्टार्टअप’ नावाचा गट होता. रोज लागणारा प्रोग्रॅम तयार मिळावा, हा तिचा हेतू. आज या नोंदी एकाच जागी नसतात. काही स्टार्टअप फोल्डरमध्ये, काही रजिस्ट्रीत, तर काही टास्क शेड्युलरमध्ये असतात.

ही यादी वाढते कशी?

बहुतेक नावे वापरकर्त्याने स्वतः घातलेली नसतात. प्रिंटर, व्हिडीओ कॉल, गाणी किंवा गेमचे सॉफ्टवेअर टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेले, की ते परस्पर यादीत जाऊन बसते. नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीने आधीच भरलेले प्रोग्रॅमही असतात. प्रत्येकाला आपले सॉफ्टवेअर झटकन उघडावे असे वाटते. भार मात्र एकाच यंत्रावर पडतो.

वेग नेमका कशाने मंदावतो?

जुन्या संगणकांत फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क असते. दहा प्रोग्रॅमनी एकाच वेळी माहिती मागितली, तर डिस्कच्या वाचकाला तबकडीवर इकडून तिकडे धावावे लागते आणि रांग लागते. एसएसडीत हलणारे भाग नसल्याने ही रांग लवकर सरते. तरीही उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम रॅमची जागा अडवतोच. चार जीबी रॅम असलेल्या संगणकाला ते चांगलेच जाणवते.

कोणता प्रोग्रॅम किती भार टाकतो, हे विंडोज स्वतःच मोजते. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ घेणारा किंवा डिस्कवर तीन एमबीहून अधिक वाचन-लेखन करणारा प्रोग्रॅम ‘हाय’ गटात मोडतो. प्रोसेसरचा ३०० मिलिसेकंदांहून कमी वेळ आणि डिस्कवर ३०० केबीहून कमी काम असेल, तर तो ‘लो’. मधले ‘मीडियम’.

यादी कुठे पाहायची?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये ‘स्टार्टअप’ हा टॅब असतो. खिडकी लहान उघडली तर आधी ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करावे. विंडोज ११ मध्ये डावीकडे ‘स्टार्टअप ॲप्स’ दिसते. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ या रकान्यात हाय, मीडियम, लो असे शेरे असतात. नको त्या नावावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे.

डिसेबल करणे म्हणजे प्रोग्रॅम काढून टाकणे नव्हे. तो संगणकात राहतो आणि गरज पडेल तेव्हा नेहमीसारखा उघडतो. निर्णय चुकला, तर त्याच जागी ‘एनेबल’ करता येते. एका वेळी दोन-तीन नावे बंद करून संगणक रीस्टार्ट करावा, म्हणजे काही बिघडल्यास कारण लगेच सापडते.

काय बंद करावे, काय राहू द्यावे?

गाणी, गेम, व्हिडीओ कॉल, प्रिंटरच्या शाईची आठवण देणारे प्रोग्रॅम बहुधा निर्धास्त बंद करता येतात. अँटिव्हायरस, टचपॅड आणि ध्वनीशी संबंधित नावांना हात लावू नये. वन ड्राइव्हसारखी सेवा बंद केली, तर ती पुन्हा उघडेपर्यंत नव्या फाइलची प्रत क्लाउडवर जात नाही. फोटो किंवा हिशेब तिच्या भरवशावर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे किंवा मराठी टंकलेखनाचे वेगळे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही तपासूनच निर्णय घ्यावा. ती पडद्यामागे चालू नसतील तर ऐन वेळी काम अडू शकते.

बंद केलेले पुन्हा का उघडते?

काही प्रोग्रॅम अद्ययावत होताना आपले नाव पुन्हा यादीत घालतात. अशा वेळी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘संगणकासोबत सुरू व्हा’ अशा अर्थाचा पर्याय बंद करावा. क्रोम, एज यांसारख्या ब्राउझरमध्येही पडद्यामागे चालू राहण्याचे पर्याय असतात.

सुरक्षेशी याचा काय संबंध?

संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तरी आपण टिकून राहावे यासाठी घातक सॉफ्टवेअरही याच जागांचा आधार घेते. म्हणून ‘पब्लिशर’चा रकाना रिकामा असलेले अनोळखी नाव दिसले, तर थांबून पाहावे. रिकामा रकाना हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. मात्र राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ने ती फाइल कुठे आहे हे तपासता येते. शंका असेल तर केवळ डिसेबल करून भागत नाही, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. ‘संगणक वेगवान करा’ अशा जाहिरातींतील सॉफ्टवेअरची त्यासाठी गरज नाही. उलट तेच यादीत आणखी एक नाव वाढवते.

एवढे करूनही संगणक मंदच राहिला तर?

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी ‘रीस्टार्ट’च करावे लागते. त्यानेही फरक पडला नाही, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा नव्या संगणकापेक्षा स्वस्त उपाय ठरतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे सुरक्षा अद्यतनांसाठी पुढचे पाऊल उचलावेच लागेल. पण संगणक ‘हळू झाला’ एवढ्याच कारणासाठी तो मोडीत काढण्याआधी टास्क मॅनेजरमधली ही यादी एकदा पाहायला पैसे पडत नाहीत.