विष सापडले नाही तेव्हा

गुन्ह्याच्या तपासाचा पहिला वैरी म्हणजे काळ होय. रक्ताचे डाग वाळतात, पाऊलखुणा पुसल्या जातात, आणि काही विषे शरीरात मागमूसही ठेवीत नाहीत. हे मर्म जाणणारा आरोपी स्वतःच डॉक्टर असला, तर तपासाने काय करावे?

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याची एक सधन, मधुमेही विधवा आपले डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्यासमवेत मुंबईच्या गाडीत बसली. पहाटे बोरीबंदरला गाडी पोचली, तेव्हा ती बेशुद्ध होती. लागूंनी तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले. तेथे तिचे नाव निराळेच नोंदविले गेले. त्याच दिवशी ती वारली. प्रेत बेवारशी ठरले आणि शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी. रासायनिक पृथक्करणात विष आढळले नाही. इकडे नातलगांना तिच्या नावाने पत्रे येत राहिली, आणि तिची मालमत्ता लागूंच्या हाती जात राहिली. १९५८ साली लागूंना अटक झाली.

मधुमेहजन्य मूर्च्छेने मृत्यू आला, हा बचाव होता. त्याची परीक्षा वैद्यकशास्त्रानेच केली. अशा मूर्च्छेत रोग्याच्या श्वासाला ॲसिटोनचा विशिष्ट वास येतो. येथे तशी लक्षणे नव्हती. मूत्रतपासणीतील ॲसिटोनची नोंद मागाहून घातलेली असल्याचे न्यायालयास दिसून आले. नैसर्गिक कारणे अशा रीतीने एकेक करून गळून पडली. उरली ती आरोपीची वर्तणूक: खोटी माहिती, बनावट पत्रे आणि लोभ.

१४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा कायम केली. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. विष सापडले नाही एवढ्यावरून विषप्रयोग झालाच नाही असे ठरत नाही. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण असेल तर तीही पुरेशी होते, असे त्याचे सार आहे. तिघांपैकी न्यायमूर्ती सरकार यांचे मत मात्र भिन्न पडले. जेथे प्राणाचा प्रश्न असतो तेथे अशी शंकाही मोलाचीच असते.

तथापि ते दहा दिवस वाया गेले नसते, तर शंकेला वाव कदाचित कमी राहिला असता. हाच धडा आता कायद्यात उतरला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. ही तरतूद राज्यांनी पाच वर्षांच्या आत अमलात आणावयाची आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला ज्या रायपुरात शिकले, त्याच्या शेजारच्या भिलाईलगतच्या रिसालीला जो नियम, तोच पुण्या-मुंबईला.

प्रयोगशाळा मुकी राहू शकते. पण पुरावा वेळेवर जपला, तर सत्याला वाचा फुटण्याची आशा राहते.