कानांनी वाचायचं पान

डोळस माणूस संकेतस्थळ उघडतो आणि एका नजरेत हवं ते टिपतो. अंध वाचकाला स्क्रीन रीडर तेच पान वाचून दाखवतो, पडद्यामागच्या एचटीएमएल खुणांच्या आधारानं. ‘एनव्हीडीए’ हा असाच मोफत स्क्रीन रीडर. मायकेल करन या अंध तरुणानं तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केला.

त्यात ‘एच’ कळ दाबली की पुढचं शीर्षक, ‘टॅब’ दाबली की पुढची लिंक. पण शीर्षकाची खूण न लावता अक्षरं नुसती मोठी, ठळक केली असतील, तर ‘एच’ दाबून हाती काहीच लागत नाही. ‘इथे क्लिक करा’ अशा दहा लिंक असल्या, तर कानाला सगळ्या सारख्याच.

मेनूत तीस लिंक असतील, तर मजकुरापर्यंत पोचायला दर पानावर तीसदा टॅब! उपाय सोपा: अगदी सुरुवातीला ‘थेट मजकुराकडे’ ही लिंक. आणि मराठी पानावर भाषेची ‘एमआर’ ही खूणही हवी. नाहीतर इंग्रजी आवाज मराठी अक्षरांपाशी अडखळतो.

तुमचं संकेतस्थळ आहे? मग स्क्रीन रीडर सुरू करा, माउस बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि नुसत्या कळफलकावर फिरून बघा. कुठे ठेच लागते, ते लगेच कळेल.